मेह्वाचं चित्र बघताना आधी खोड बघा

कोरियाची ५०,००० वॉनची नोट २००९ साली चलनात आली. तिच्या दर्शनी बाजूला शिन साइमदांग (१५०४–१५५१) या चित्रकर्तीचा चेहरा आहे. नोट उलटली की मात्र ती उभी धरावी लागते, कारण मागचं चित्र उभं छापलेलं आहे. खाली मोडलेली जून खोडं, त्यांतून सरळसोट वर गेलेल्या फांद्या, त्यांवर मोजकी फुलं आणि पार वर फिकट चंद्र. मागे पुसटशी दिसणारी, वाऱ्यात वाकलेली बांबूची पानं यी जॉंग यांच्या दुसऱ्या एका चित्रातली आहेत. पुढचं चित्र मेह्वाचं, म्हणजे हिवाळा सरता सरता फुलणाऱ्या एका झाडाचं, आणि ते चित्रकार ऑ मोंग-र्योंग यांचं. त्यांचा जन्म १५६६ चा, म्हणजे तेव्हा साइमदांग जाऊन पंधरा वर्षं झाली होती. नोटेवर दोन्ही गोष्टी पाठीला पाठ लावून असल्यामुळे चित्रही तिचंच असा समज सहज होतो.

मूळ चित्र रेशमावर शाईने काढलेलं आहे. उंची सुमारे ११९ सेंटिमीटर, रुंदी त्याच्या निम्म्याहून कमी. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात ते आहे. पहिल्यांदा बघणारा त्यात फुलं शोधतो आणि त्याची थोडी निराशा होते. फुलांचं चित्र म्हणावं तर फुलं आहेत किती? माझं म्हणणं असं की कोरियन शाईचित्रांतली मेह्वा कळायला लागते ती नेमकी या निराशेपासून. नजर आधी खोडावर न्यायची, मग फांदीवर, आणि फुलाकडे सगळ्यात शेवटी जायचं.

आधी झाडाबद्दल थोडं. मेह्वा हे पूर्व आशियातलं झाड. इंग्रजीच्या प्रभावाने त्याला प्लम म्हणतात, पण नात्याने ते जर्दाळूच्या जास्त जवळचं. फूल लहान, पाच पाकळ्यांचं, पांढरं किंवा गुलाबी, क्वचित गडद लाल. कोरियाच्या दक्षिण टोकाला ते फेब्रुवारीतच फुलायला लागतं. तेव्हा झाडावर पान एकही नसतं. आपल्याकडे पळस आणि काटेसावर निष्पर्ण होऊन फुलतात तसंच, फक्त पळस फुलतो तेव्हा उन्हाळा दारात असतो आणि मेह्वा फुलते तेव्हा फांदीवर कधीकधी बर्फ असतो. बाकी सगळी झाडं झोपलेली असताना हे एकच जागं. शिवाय त्याला सुगंध आहे, तोही मंद. थंड हवेत आधी वास येतो आणि मग माणूस मान वळवून झाड शोधतो.

एवढं पाहिल्यावर माणसांनी त्याला गुण चिकटवले नसते तरच नवल. कन्फ्यूशियसच्या विचारांवर वाढलेल्या विद्वानांनी चार वनस्पतींना ‘चार सज्जन’ मानलं: मेह्वा, ऑर्किड, शेवंती आणि बांबू. ऑर्किड दरीत कुणी बघायला नसतानाही दरवळतं, शेवंती दंव पडायला लागल्यावर फुलते, बांबू वाकतो पण हिवाळ्यातही हिरवा राहतो. मेह्वा थंडी संपायची वाट न बघता फुलते, म्हणून ती धैर्य आणि निष्ठेची खूण झाली. पाइन आणि बांबूच्या सोबतीने तिला ‘हिवाळ्यातले तीन मित्र’ यांतही जागा मिळाली. ही परंपरा मूळची चीनमधली. तिथे हांगझोच्या पश्चिम सरोवराकाठी लिन बू (९६७–१०२८) नावाचे कवी राहायचे. त्यांनी लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही. मेह्वा हीच बायको आणि करकोचे हीच मुलं असं त्यांच्याबद्दल म्हटलं जायचं. पुढे कोरियातल्या चित्रांत बर्फाळ डोंगर, मेह्वाची झाडं आणि त्यांत एकटी झोपडी दिसली, की तिथे लिन बू यांची आठवण असते.

मेह्वाच्या जुन्या रसिकांच्या चार आवडी ठरलेल्या होत्या. विरळ हवं, दाट नको. जून हवं, कोवळं नको. कृश हवं, पुष्ट नको. मिटलेली कळी हवी, उमललेलं फूल नको. फुलांच्या सौंदर्याबद्दलची आपली सगळी नेहमीची गणितं इथे उलटी होतात. भरघोस बहर, टवटवी, गुबगुबीतपणा यांना इथे किंमत नाही. झाडाने किती सोसलं ते दिसलं पाहिजे आणि तरीही पुढे काहीतरी उमलायचं शिल्लक असलं पाहिजे. ऑ मोंग-र्योंग यांच्या चित्रात फुलं कमी का, याचं उत्तर या चार ओळींत आहे.

आता हे कागदावर उतरतं कसं ते बघू. शाई काजळीची, त्यात प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, आणि दोन्ही मिळून वळलेली कांडी. ती दगडावर पाण्याबरोबर उगाळायची. पाणी किती घेतलं यावर काळ्याच्या किती छटा मिळणार ते ठरतं. कागद कागदी तुतीच्या सालीच्या धाग्यांचा, हान्जी नावाचा. शाई टेकली की तो पिऊन टाकतो. खोडून काढणं नाही, वरून दुरुस्ती नाही. रेशमावर थोडी सवड मिळते, पण फार नाही.

जून खोडासाठी कुंचला जवळजवळ कोरडा करून घेतात आणि आडवा धरून ओढतात. केस फाकतात, शाई तुटक लागते, मधूनमधून कागदाचा पांढरा भाग उघडा राहतो. झाडाची साल, भेगा, पोकळ्या या सगळ्या त्या उघड्या राहिलेल्या जागेतून दिसतात, चित्रकाराने त्या वेगळ्या रंगवलेल्या नसतात. वर शेवाळाचे गडद ठिपके. कोवळ्या फांदीचा प्रकार वेगळा. तिथे ओला, गडद कुंचला खालून वर एका दमात न्यायचा. मध्ये हात अडखळला तर ती अडखळ कायमची दिसते. विद्वान लोक याच कुंचल्याने रोज अक्षरं लिहायचे, त्यामुळे फांदीची रेघ बघून ते माणसाचा हात ओळखायचे, आणि हातावरून माणूस.

फुलांच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पाकळीची फक्त बारीक गोल कड काढायची आणि आतला कागद तसाच ठेवायचा. पांढरं फूल काळ्या शाईने दाखवायची ही युक्ती चीनमध्ये बाराव्या शतकात रुळली. दुसरीत कड काढायचीच नाही, पातळ शाईचा एकेक टेकवा म्हणजे एकेक पाकळी. ऑ मोंग-र्योंग यांनी दुसरी तऱ्हा घेतली. त्यांची फुलं इतकी फिकी आहेत की चांदण्यात विरल्यासारखी वाटतात. पण फूल जिथे फांदीला धरलेलं असतं तिथे त्यांनी गर्द काळा ठिपका दिला आहे. सगळं फिकं आणि एवढाच एक ठिपका ठाम. त्या ठिपक्यांमुळेच फुलं फांदीवर टिकून आहेत.

या चित्रातली खोडं मध्येच मोडलेली आहेत. कापलेली नाहीत, मोडलेली. वादळाने किंवा बर्फाच्या भाराने मोडावीत तशी. आणि त्या मोडक्या टोकांजवळून नवे धुमारे कुठेही न वळता थेट आकाशात जातात. खऱ्या मेह्वाच्या फांद्या इतक्या सरळ वाढत नाहीत, त्या वाकड्यातिकड्या पसरतात. चित्रकाराने इथे झाडाकडून जरा जास्त मागितलं आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकापर्यंतच्या कोरियन मेह्वाचित्रांत ही मांडणी पुन्हा पुन्हा येते: जाड मोडकं खोड, सरळ उभा धुमारा, थोडी फुलं. तो काळही तसाच होता. १५९२ ते १५९८ जपानी स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झाला, आणि १६३६ च्या हिवाळ्यात मांचूंची, म्हणजे पुढे चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याची, फौज आली.

त्या दुसऱ्या युद्धाशी जोडलेलं एक नाव ओ दाल-जे (१६०९–१६३७). राजा इंजो नामहान डोंगरावरच्या किल्ल्यात अडकला होता आणि दरबारात तहाची चर्चा चालू होती. तहाला ठाम विरोध करणाऱ्यांत हा तरुण अधिकारी होता. राजा शरण गेल्यावर विरोधकांना छिंगच्या ताब्यात द्यावं लागलं. ओ दाल-जे यांना शेनयांगला नेऊन मारण्यात आलं. वयाची तिशीही झाली नव्हती. ते शाईची मेह्वा काढायचे आणि त्यांतली काही चित्रं उरली आहेत. पुढे राजा सुकजोंग यांनी त्यांच्या एका मेह्वाचित्रासाठी कविता लिहिली. मोडलेलं खोड आणि ताठ फांदी बघताना लोकांना त्या चित्रकाराचं मरण आठवणार, हे उघड आहे. प्रतीक असं घडतं. झाडाला अर्थ आधी पुस्तकांनी दिला होता, पण तो वजनदार झाला तो माणसांनी त्यासाठी जीव दिल्यावर.

मेह्वावरच्या प्रेमात मात्र कोरियात सगळ्यांच्या पुढे थ्वेग्ये, म्हणजे यी ह्वांग (१५०१–१५७०). कोरियातले हे सर्वांत मोठे कन्फ्यूशियन विचारवंत. १,००० वॉनच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे आणि सोबत मेह्वाची फुलं आहेत, ती उगीच नाहीत. मेह्वावर त्यांनी शंभराहून अधिक कविता केल्या आणि त्यांतल्या ९१ स्वतःच्या अक्षरात एका वहीत उतरवून ठेवल्या. १५६९ मध्ये राजधानी सोडून आन्दोंगला घरी परतताना त्यांना मुक्कामी असलेलं कुंडीतलं झाड बरोबर नेता आलं नाही. तेव्हा त्यांनी त्या झाडाशी कवितेत संवाद केला, झाडाचं उत्तरही स्वतःच लिहिलं. पुढच्या वर्षी ती कुंडी त्यांच्याकडे पोचवण्यात आली. झाडाला ते थोरल्या भावासारखं संबोधायचे.

शेवटच्या आजारपणातले प्रसंग शिष्यांनी टिपून ठेवले आहेत. हगवण लागली होती आणि मेह्वाची कुंडी त्याच खोलीत होती. त्यांनी ती दुसरीकडे हलवायला सांगितली. थोरल्या भावासमोर अशी अस्वच्छता, मनाला बरं वाटत नाही, असं कारण दिलं. चांद्र पंचांगाप्रमाणे बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितलं, मेह्वाला पाणी घाला. त्याच संध्याकाळी अंथरुणावरून उठवून बसवायला लावलं आणि बसल्या जागी प्राण सोडला. मला यातला कुंडी हलवण्याचा प्रसंग जास्त मोठा वाटतो. पाणी घालण्याची गोष्ट सगळे सांगतात. पण अंगात त्राण नसताना झाडासमोर लाज वाटणं, यात त्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान आहे.

अठराव्या शतकाकडे आलं की मेह्वा जरा मोकळी होते. चित्रकार किम होंग-दो यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. घरात खायची भ्रांत असताना एक सुंदर मेह्वा विकायला आली. तेवढ्यात कुणीतरी चित्राचे ३,००० दिले. त्यातले २,००० मेह्वाला, ८०० दारूला, मित्रांबरोबर मेह्वाखाली प्यायला, आणि उरलेले २०० तांदूळ-सरपणाला. त्याच काळातले विद्वान यी दॉक-मू (१७४१–१७९३) मेणाची मेह्वा करायचे. मधमाशी फुलातून मध नेते, त्यातून मेण होतं, त्या मेणाचं पुन्हा फूल. त्याला त्यांनी पुनर्जन्माची मेह्वा असं नाव दिलं होतं. हिवाळा मोजायची एक रीतही मेह्वाची होती: ८१ पाकळ्यांचं कोरं चित्र काढायचं, दक्षिणायन संपतं त्या दिवसापासून रोज एक पाकळी रंगवायची. सगळी फुलं रंगली की वसंत आला.

किम होंग-दोंची गोष्ट आपल्याला कळते ती चो ही-र्योंग (१७८९–१८६६) यांच्या लिखाणातून, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मेह्वाचा खरा नायक तेच. ते वरच्या जमीनदार-विद्वान वर्गातले नव्हते. वैद्य, दुभाषे, कारकून यांच्या मधल्या वर्गाभोवती जमलेल्या कवी-चित्रकारांच्या मंडळातले होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की झोपायला मेह्वाचा पडदा, उगाळायला मेह्वा कोरलेला दगड, प्यायला मेह्वाचा चहा, आणि घराला नावही मेह्वाच्या शंभर कवितांचं.

त्यांच्या चित्रांत जुन्या चार आवडींपैकी निम्म्या मोडल्या आहेत. खोड अजगरासारखं पीळ घेत वर चढतं आणि त्यावर फुलं इतकी की मोजायची सोय नाही. लाल रंगही मुक्तहस्ताने. गान्सोंग संग्रहालयातलं त्यांचं मेह्वामधल्या झोपडीचं चित्र बघितलं तर फुलं आहेत की हिमवादळ ते पटकन कळत नाही. त्या गर्दीत गोल खिडकीतून एक माणूस दिसतो, त्याच्या टेबलावर फुलदाणी, आणि फुलदाणीतही मेह्वाची फांदी. बाहेर अख्खा डोंगर फुललेला असताना. चित्रावर त्यांनी लिहिलं आहे की वीस वर्षांपूर्वीचं हे चित्र कसर लागलेल्या कागदांत सापडलं आणि धुराने काळवंडून शंभर वर्षांचं वाटतंय.

त्या काळचे मोठे सुलेखनकार किम जॉंग-ही, टोपणनाव छुसा, यांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात चो ही-र्योंग आणि त्यांच्यासारख्यांवर टीका केली होती. ऑर्किड काढायची माझी रीत शिकले, पण पोटात विद्या नाही म्हणून हात कारागिराचाच राहिला, असा तिचा रोख होता. चो ही-र्योंग यांचं मत होतं की चित्र हे हाताचं कसब आहे, विद्या कितीही असो, हात नसेल तर चित्र होत नाही. या वादात मी चो ही-र्योंग यांच्या बाजूने आहे. विद्येची अट घातली की चित्र काढायचा हक्क जन्मावर जातो, कारण विद्या कुणाला मिळणार हे जन्मच ठरवत होता. त्यांच्या झाडांवरची ती अनावर फुलं मला या अटीला दिलेलं उत्तर वाटतात.

त्याच मंडळातले चॉन गी (१८२५–१८५४) औषधांचं दुकान चालवायचे. त्यांच्या एका छोट्या चित्रात बर्फाळ डोंगर, पांढऱ्या ठिपक्यांची मेह्वा, आणि पुलावरून खांद्यावर वाद्य घेऊन येणारा लाल कपड्यांतला माणूस आहे. झोपडीत मित्र वाट बघत बसला आहे. येणारा माणूस म्हणजे स्वतः चॉन गी, झोपडीतला मित्र म्हणजे दुभाषे ओ ग्यॉंग-सॉक, आणि चित्र त्यांनाच भेट दिलेलं. लिन बू यांच्या एकान्ताची जागा इथे दोस्तीने घेतली आहे. मेह्वा तीच, तिच्याकडे मागणं बदललं.

आणि एक चित्र असं आहे की ज्यात मागणं बापाचं आहे. विद्वान आणि अधिकारी चॉंग याग-योंग (१७६२–१८३६) अठरा वर्षं हद्दपार होते, बहुतेक काळ दक्षिणेतल्या गांगजिनला. तिथे आजारी पत्नीने त्यांना आपले जुने रेशमी घागरे पाठवले. लाल रंग उडून गेला होता. १८१० मध्ये त्यांनी ते कापून मुलांसाठी उपदेशाच्या वह्या केल्या. कापड थोडं उरलं. १८१३ साली, लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी त्यांनी त्यावर मेह्वाची फांदी काढली आणि फांदीवर दोन पाखरं, एकाच दिशेला बघणारी. खाली मोठ्या अक्षरांत कविता: पाखरं माझ्या अंगणातल्या मेह्वावर येऊन बसली, सुगंधाने ओढून आणलं त्यांना, इथेच राहा, इथेच घर करा, फूल आलंय तर फळही भरपूर येईल. त्याखाली बारीक अक्षरांत कापड कुठून आलं त्याची हकिगत. निम्म्याहून जास्त जागा अक्षरांनीच घेतली आहे. हे निव्वळ शाईचं चित्र नाही, थोडा रंग आहे, आणि चित्रकला म्हणून ऑ मोंग-र्योंग यांच्या जवळपासही जात नाही. पण मुलीच्या लग्नाला बाप हजर राहू शकला नव्हता, आणि आईच्या कापडावर बापाच्या हातची फांदी तिच्या घरी पोचली. निष्ठा, बाणेदारपणा, दरबार यांतलं इथे काही नाही. फळ येईल, एवढंच म्हणणं आहे. सोलमधल्या कोरिया विद्यापीठाच्या संग्रहालयात हे चित्र आहे.

रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात, त्यामुळे अशी चित्रं संग्रहालयं कायम मांडून ठेवत नाहीत, आलटून पालटून बाहेर काढतात. खास एखादं बघायला जायचं तर आधी चौकशी करावी. झाडं मात्र जागेवर असतात. गांगनुंगच्या ओजुकहॉन वाड्यातली, म्हणजे शिन साइमदांग यांच्या माहेरची मेह्वा आणि ह्वाऑम्सा, सॉनाम्सा, बेग्यांग्सा या तीन बौद्ध मठांतली झाडं यांना २००७ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. साइमदांग यांची थोरली मुलगी मेचांगही शाईची मेह्वा काढायची आणि तिचं चित्र ओजुकहॉनलाच जपलेलं आहे. तिथलं झाड गेल्या काही वर्षांत बरंच वाळलं आहे. ह्वाऑम्सातलीच दुसरी, गर्द लाल मेह्वा, इतकी गर्द की तिला काळी मेह्वा म्हणतात, २०२४ मध्ये वारसा यादीत आली. मार्चच्या उत्तरार्धात ती पूर्ण फुलते आणि पहाटेपासून कॅमेऱ्यांची रांग लागते. चित्रं समजून घेण्यासाठी जाणाऱ्याने पंधरा दिवस आधी जावं. तेव्हा खोडाचा पीळ उघडा असतो, कळ्या मिटलेल्या असतात, आणि झाडाजवळ उभं राहायला जागा मिळते.